पेशंटला विचारलंत का? रुग्णाच्या मानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून सत्तावीस वर्षं काढली. हे पद असतं हेच बहुतेकांना माहीत नसतं. वॉर्डात मला सगळे ‘सोशल वर्कर मॅडम’ म्हणायचे, आणि मावश्या-मामांना, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसांना, डॉक्टरांची भीती वाटली की ते पेशंटला माझ्याकडे पाठवायचे. निवृत्त झाल्यावरही फोन थांबले नाहीत. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. कायद्याचा भाग महाराष्ट्रापुरता आणि देशात लागू असलेल्या निकालांपुरता आहे. बाकीचं मी पाहिलेलं.

रुग्णाचा सन्मान म्हणजे डॉक्टरांनी गोड बोलावं, एवढंच ना?

गोड बोलले तर उत्तमच. पण अतिशय गोड बोलून पेशंटला काहीही न सांगणारे डॉक्टर मी पाहिलेत, आणि करवादून का होईना, आजीच्या खाटेवर बसून तिला चित्र काढून हर्निया समजावणारे सर्जनही पाहिलेत. दुसऱ्यांनी आजीचा मान जास्त राखला. शरीर तिचं आहे, तेव्हा त्याबद्दल आधी तिच्याशी बोलायचं, निर्णय तिला विचारून घ्यायचा आणि तिची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय चारचौघांत करायची नाही, एवढं पाळलं की झालं. वैद्यकीय नीतिशास्त्रात याला रुग्णाची स्वायत्तता म्हणतात. वॉर्डात हा शब्द मी एकदाही ऐकला नाही.

डॉक्टर माझ्या आईला ‘तू’ म्हणतात. हा अपमान धरायचा का?

कोण म्हणतंय आणि कसं, ते बघा. खेड्यातल्या म्हाताऱ्या सिस्टरचं ‘अगं आजी, गोळी घेतलीस का’ यात माया असते. विदर्भात तर ‘तू’ सहज येतं. पण चोवीस वर्षांचा इंटर्न सत्तरीच्या बाईला ‘ए, वर हो, पोट दाखव’ म्हणतो तेव्हा कान बरोबर ओळखतात. ‘डॉक्टर, त्यांना अहो म्हणा’ असं शांतपणे सांगा. बहुतेक जण ओशाळतात आणि सुधारतात. मला त्याहून जास्त खुपायचं ते ‘बारा नंबरला सलाइन लाव’. बारा नंबरच्या डोक्याशी अडकवलेल्या केसपेपरवर नाव लिहिलेलं असायचं.

ऑपरेशनच्या आधी फॉर्मवर सही घेतली. म्हणजे संमती झाली का?

सही झाली. संमती झाली की नाही, ते आधी काय बोलणं झालं यावर ठरतं.

एक प्रसंग सांगते. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन. फॉर्म इंग्रजीत. वॉर्डातल्या माणसाने आजींचा डावा हात धरला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. आजी उशीच्या अभ्र्याला अंगठा पुसत मला म्हणाल्या, ‘पोरी, कशाचे पैशे मिळणार हायेत?’ त्यांच्या आयुष्यात अंगठा लागला होता तो रेशनला आणि निराधार योजनेच्या पगाराला. सकाळी पोट कापणार आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाला सांगितलं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात हाच मुद्दा तपासला. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित स्त्री १९९५ मध्ये पाळीच्या तक्रारीसाठी गेली होती. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून भूल दिली. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. ही संमती चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. रुग्ण सज्ञान आहे, तात्पुरती बेशुद्ध आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तर शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं आणि तिलाच विचारायचं. तपासणीला दिलेली परवानगी उपचाराला चालत नाही. डॉक्टरांनी फी घ्यायची नाही आणि २५ हजार रुपये भरपाई द्यायची, असा आदेश झाला. रक्कम मला आजही तुटपुंजी वाटते. निकाल मात्र मोठा आहे.

त्याच निकालातून सांगायच्या गोष्टींची यादी मिळते: काय करणार, कशासाठी, फायदा काय, दुसरे मार्ग कोणते, मोठे धोके कोणते आणि काहीच केलं नाही तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारी प्रत्येक गुंतागुंत वाचून दाखवायची सक्ती डॉक्टरांवर नाही. तेवढं सगळं ऐकवलं तर अपेंडिक्सलाही कुणी तयार होणार नाही.

पण सही नवऱ्याची किंवा मुलाचीच मागतात. ती लागते का?

पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची संमती हवी. नातेवाइकाची सही रुग्णालयं जोडीला घेतात. बिलाचा आणि पुढच्या भांडणाचा विचार त्यामागे असतो. ती पेशंटच्या सहीच्या जागी चालत नाही. गर्भपाताच्या बाबतीत तर १९७१ च्या कायद्यातच स्पष्ट आहे की सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. तरीही ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून परत पाठवलेल्या बाया माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. त्यातल्या एकीचे मिस्टर तिला सोडून चार महिने झाले होते.

अपघात झाला, माणूस बेशुद्ध आहे, सोबत कुणी नाही. मग?

मग डॉक्टर थांबत नाहीत आणि त्यांनी थांबूही नये. अशा वेळी संमतीशिवाय, रुग्णाच्या भल्यासाठी, सद्‌हेतूने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण आहे.

बाबांना कॅन्सर आहे. आम्ही डॉक्टरांना सांगितलं, ‘त्यांना कळू देऊ नका, खचतील.’ चुकलं का आमचं?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात आणि विचारणारे नेहमी रात्री नऊनंतर, गॅलरीत जाऊन, दबक्या आवाजात बोलतात. तुमचं प्रेम खोटं नाही. आपल्याकडे ‘क’चं नाव घरात काढत नाहीत, ‘गाठ आहे’ म्हणतात. पण मी काय पाहिलं ते सांगते.

केमोच्या वॉर्डात बसलेल्या माणसाला कळतं. शेजारच्या खाटेवरच्याचे केस गेलेले दिसतात, रुग्णालयाच्या पाटीवर नाव लिहिलेलं असतं, तुमचे डोळे सुजलेले असतात. मग दोन्हीकडून नाटक सुरू होतं. तुम्ही त्यांच्यापासून लपवता आणि ते तुमच्यापासून, आपल्याला कळलंय हे. एक निवृत्त तलाठी होते. मुलगे बाहेर गेले की मला म्हणायचे, ‘मॅडम, पोरांना सांगू नका मला ठाऊक आहे म्हणून. त्यांना वाईट वाटेल.’ दोन महिने ते घर असंच चाललं. त्यांना धाकटीच्या नावावर जमीन करायची होती. वेळ निघून गेली आणि आता भावंडं कोर्टात आहेत.

आजार काय आहे, उपचार काय, पुढे काय होऊ शकतं, हे जाणण्याचा हक्क आधी रुग्णाचा आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत, त्यात माहितीचा हक्क पहिल्याच रांगेत बसतो. मात्र हक्क म्हणजे सक्ती नव्हे. कुणाला नसेल जाणून घ्यायचं, तर तोही त्याचाच निर्णय. म्हणून जे चांगले डॉक्टर मी पाहिले ते आधी विचारायचे, ‘काका, तुमच्या रिपोर्टबद्दल सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?’ बरेच काका म्हणायचे, ‘पोराशी बोला.’ झालं. काकांनी ठरवलं. तुम्ही डॉक्टरांकडे एवढीच विनंती करा की हा प्रश्न त्यांना विचारा, आणि सांगायचंच ठरलं तर एका दमात, राउंडच्या गर्दीत, उभ्या-उभ्या सांगू नका. खुर्ची ओढून सांगा.

स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करत असतील तर?

सोबत एखादी स्त्री हवी: सिस्टर, मावशी किंवा घरची कुणी. सनदेत हे स्पष्ट लिहिलं आहे, आणि मागायला लाजू नका. पुरुष डॉक्टरसमोर बोलायला संकोच वाटतो म्हणून बायका दुखणं अंगावर काढतात, हे १८८३ मध्ये आनंदीबाई जोशींनी सेरामपूरला भर सभेत सांगितलं होतं. त्या अमेरिकेला का जात होत्या त्याचं ते कारण होतं. सव्वाशे-दीडशे वर्षांनी निदान पडदा तरी पुरा असावा. आमच्या वॉर्डातल्या चाकांच्या पडद्याचं एक कापड कायम धोबीघाटाकडे गेलेलं असायचं. तीन बाजू झाकलेल्या आणि चौथीकडून औषधाच्या ट्रॉलीची ये-जा. शेवटी एका सिस्टरने घरून जुनी चादर आणून सेफ्टी पिनांनी लावली.

मेडिकल कॉलेजमध्ये दहा-दहा विद्यार्थी येऊन तपासतात. नाही म्हणता येतं का?

येतं. आणि नाही म्हटल्याने उपचार अडत नाहीत. पण आधी एक सांगते, पोरं शिकली नाहीत तर उद्या डॉक्टर कुठून येणार? विचारलं तर बहुतेक पेशंट हो म्हणतात, कित्येकांना आवडतंही. ‘माझी प्लीहा वाढलेली आहे, नीट दाबून बघ’ असं विद्यार्थ्यांना स्वतःच शिकवणारे एक आजोबा आमच्याकडे होते. न विचारता चादर ओढण्यावर माझा आक्षेप आहे.

माझा एचआयव्हीचा किंवा टीबीचा रिपोर्ट कुणाकुणाला सांगतात?

एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय वाच्यता नाही. अपवाद कायद्यातच नेमून दिले आहेत. केसपेपरवर लाल शाईने मोठ्ठं काहीतरी लिहिणं किंवा खाटेला वेगळी खूण करणं हे चुकीचं आहे. टीबीची गोष्ट थोडी निराळी. २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे. ती नोंद सरकारी यंत्रणेपुरती. ती तुमच्या घरमालकाला किंवा सोसायटीच्या ग्रुपवर सांगायला परवानगी नाही.

केसपेपरची कॉपी मागितली तर ‘कोर्टात जाणार का?’ विचारतात.

कारण सांगायची गरज नाही. एका ओळीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार अर्जानंतर ७२ तासांत कागद मिळाले पाहिजेत आणि भरती रुग्णांची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं जपली पाहिजेत. ‘गोपनीय आहेत’ हे कारण पेशंटलाच सांगता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात सांगून टाकलंय. झेरॉक्सचा खर्च तुमचा.

आधी पैसे भरा म्हणतात. आणि बिल राहिलं तर पेशंटला सोडत नाहीत.

दोन वेगळे प्रश्न आहेत.

तातडीचा रुग्ण दारात आला तर प्रथम जीव वाचवायचा, कागद आणि पैसे नंतर. १९८९ च्या परमानंद कटारा निकालामागे एक स्कूटरवाला होता. त्याला गाडीने उडवलं. ज्या दवाखान्यात नेलं त्यांनी पोलीस केस आहे म्हणून २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाचा रस्ता दाखवला आणि तो वाटेत गेला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं जीव वाचवण्याचं कर्तव्य आधी. धर्मादाय रुग्णालयात निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत राखून ठेवायच्या असतात, २००६ पासून. तिथे ‘समाजसेवा विभाग कुठे आहे’ असं विचारा. बिलिंगच्या खिडकीवर बहुधा हे आपणहून सांगत नाहीत.

दुसरं, बिलासाठी माणूस अडवून ठेवता येत नाही. पैसे वसूल करायला दिवाणी मार्ग आहेत. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह, म्हणजे नर्सिंग होम, नोंदणीचे नियम बदलले. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही हे त्यात आहे, आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची हेही आहे.

पेशंटला उपचार नको असतील तर?

नको म्हणू शकतो. डॉक्टर परिणाम समजावतील, लेखी घेतील, आणि तरीही डिस्चार्ज कार्ड देतील. ‘मर्जीने गेला’ म्हणून कागद न देणं ही शिक्षा झाली.

शेवटच्या टप्प्याचा प्रश्न जास्त अवघड. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, मृत्यू येईपर्यंत, भान हरपलेल्या अवस्थेत अंथरुणावर होत्या. जवळजवळ ४२ वर्षं, आणि तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं. त्यांना काय हवं होतं हे विचारण्याची सोय कुणालाच नव्हती. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, आणि ठरावीक अटींवर उपचार थांबवण्याची वाटही पहिल्यांदा दाखवली. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटच्या टप्प्यात कोणते उपचार नकोत ते, आधीच लिहून ठेवायची मुभा मिळाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. माझं लिहून झालंय. मुलाला वाचायला दिलं तर तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पण एक प्रत त्याच्याच कपाटात आहे.

मनोरुग्णालाही हे हक्क आहेत का?

आहेत, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने. साखळीने बांधणं आणि भूल न देता शॉक देणं, दोन्हीला बंदी आहे. बरं असताना पुढच्या उपचारांविषयी लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते.

आमच्या भागात पेशंट गोंडी, कोरकू बोलतात. डॉक्टर मराठी. मग ‘समजावणं’ कसं?

दुभाषा ठेवा, आणि तो सफाई करणारा किंवा पेशंटचा आठ वर्षांचा नातू नसावा. पाळीबद्दलचा प्रश्न नातवाकडून विचारून घेताना मी स्वतः पाहिलंय.

पण मला याहून मोठं उत्तर गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने रुग्णालय बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं, दवाखाना कसा हवा? लोकांनी सांगितलं, मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढरे कपडे नकोत, पांढऱ्यात आम्ही मढं गुंडाळतो. भेटीची वेळ कसली, घरचे लोक जवळ हवेत. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा उभा राहिला, नातेवाइकांना सोबत राहायची सोय झाली, आणि दवाखान्याला नाव मिळालं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. इतकं ऐकून घेतलेलं मी शहरातल्या पंचतारांकित रुग्णालयात पाहिलेलं नाही; तिथे लॉबीत पियानो असतो.

सगळे हक्क पेशंटचेच? डॉक्टरांच्या मानाचं काय?

रास्त प्रश्न. छत्तीस तासांची ड्युटी करून भिंतीला टेकून झोपलेले निवासी डॉक्टर मी रोज पाहिलेत. एका खाटेवर दोन पेशंट आणि खाली गादीवर तिसरा असताना खुर्ची ओढून बोला म्हणणं त्यांना चेष्टा वाटते, हे मला कळतं. डॉक्टरवर हात उचलणं महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. माझा अनुभव एवढाच की हाणामारी झालेल्या बहुतेक वेळी आधीचे काही तास नातेवाइकांना कुणी काहीच सांगितलेलं नसायचं.

तक्रार कुठे करायची?

आधी त्याच रुग्णालयात, लेखी, तारखेसह. खासगी रुग्णालयाच्या नियमभंगासाठी शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी, जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक. डॉक्टरच्या वागणुकीसाठी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. नुकसानभरपाई हवी तर ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. सगळ्यांना मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय मात्र त्यात येत नाही. तक्रारीत विशेषणं घालू नका. ‘उद्धट वागले’ यापेक्षा ‘सकाळी ११ वाजता पडदा न लावता तपासलं, सोबत सिस्टर नव्हती’ असं लिहा.

रुग्णहक्कांची सनद आमच्या रुग्णालयात लावलेली दिसत नाही.

असेल कुठेतरी. एका ठिकाणी मला ती वॉटर कूलरच्या मागे सापडली, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. आमच्या वॉर्डात लावायची वेळ आली तेव्हा मी शिपायाला आधी एका रिकाम्या खाटेवर आडवं व्हायला लावलं आणि विचारलं, ‘कुठून दिसतंय?’ तो म्हणाला, ‘मॅडम, इथून फक्त छत दिसतंय आणि पायाकडची भिंत.’ पायाकडच्या भिंतीवर लावली.